१७९२ चं पान परत घ्या : मंडळाच्या स्मरणिका समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी आणि स्मरणिका समिती

सप्रेम नमस्कार,

थेट मुद्द्यावर येते. अमेरिकेच्या २५० वर्षांनिमित्त आपलं मंडळ जी स्मरणिका काढतंय, आणि जिच्यावरून मराठी शाळेतली मुलं प्रदर्शन लावणार आहेत, तिच्यातून १७९२ च्या न्यूयॉर्क गव्हर्नर निवडणुकीचं मी लिहिलेलं पान तुम्ही काढून टाकलंत. मला ते कळलं ग्रुपवरच्या दोन ओळींच्या मेसेजवरून. विषय किचकट आहे, मुलं कंटाळतील, सेलिब्रेशनच्या अंकात निगेटिव्ह नको, आणि आजच्या राजकारणाशी कुणीतरी जोडेल, अशी कारणं दिलीत आणि त्या जागी अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले एरन बर यांच्या द्वंद्वयुद्धाचं मोठं चित्र टाकायचं ठरवलंत. मी चर्चा करूया म्हणून लिहिलं तर उत्तर आलं की निर्णय झालाय, आता फाइल प्रिंटरकडे जाणार. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. मंडळाच्या बाहेरच्या मराठी लोकांनीही वाचावं अशी इच्छा आहे, कारण आपण मुलांना कुठला इतिहास द्यायचा हा प्रश्न फक्त आपल्या मंडळाचा नाहीये.

मला यात एवढं का पडलंय ते आधी सांगते. मी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑट्सीगो काउंटीत राहते, काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. आपल्यापैकी बरेच जण पाहुणे आले की त्यांना घेऊन बेसबॉलचं म्युझियम बघायला कूपर्सटाउनला येतात ना, तीच काउंटी. इथली नागरिक झाल्यापासून मी निवडणुकीच्या दिवशी इन्स्पेक्टर म्हणून काम करते, म्हणजे मतदान केंद्रावर बसून नावं तपासणं, मतपत्रिका देणं, आणि रात्री ९ ला मतदान संपलं की सगळा हिशोब जुळवून सील करणं. माझी आई शिक्षिका होती, तिला इलेक्शन ड्युटी लागायची, मतपेटीला लाखेचं सील लावून ट्रकमधून तालुक्याला पोचवेपर्यंत ती जेवायची नाही. त्यामुळे पेटी नीट पोचणं म्हणजे काय हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आणि १७९२ साली ज्या पेट्या न उघडता बाद केल्या त्यातली सगळ्यात महत्त्वाची पेटी होती ती ऑट्सीगोची. मी जिथे राहते तिथल्या शेतकऱ्यांची मतं. मग मी गप्प कशी बसू?

ज्यांनी ते पान वाचलंच नाही (आणि मला वाटतं समितीतल्याही काहींनी वाचलं नसावं) त्यांच्यासाठी काय झालं होतं ते लिहिते.

तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते जॉर्ज क्लिंटन. बिल क्लिंटन यांच्याशी यांचा संबंध नाही. १७७७ मध्ये राज्याची घटना आली तेव्हापासून, दर ३ वर्षांनी निवडून येत, हेच गव्हर्नर. ब्रिटिशांशी युद्ध चालू असताना त्यांनी राज्य सांभाळलं, लोकांना ते आपले वाटायचे, आणि त्यांना खलनायक करायचा माझा अजिबात हेतू नाही. पण १५ वर्षं एकच माणूस खुर्चीवर असला की नेमणुका, जमिनी, कंत्राटं सगळ्यावर त्याच्या माणसांची छाप पडतेच. १७८९ लाच रॉबर्ट येट्स यांनी त्यांना घाम फोडला होता, क्लिंटन फक्त ४२९ मतांनी वाचले. त्यात १७९१ साली राज्याच्या लँड ऑफिसने उत्तरेकडची जमीन विकली, त्यातली ३६ लाख एकरांहून जास्त एकट्या अलेक्झांडर मॅकॉम्बला, एकरी ८ पेन्स भावाने, आणि हे प्रकरण नेमकं १७९२ च्या प्रचारात तापलं.

समोर उभे राहिले जॉन जे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले सरन्यायाधीश. हो, सरन्यायाधीश असतानाच ते राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते, तेव्हा ते चालायचं. ते न्यूयॉर्कच्या गुलाममुक्ती संस्थेचे पहिले अध्यक्ष होते, आणि प्रचारात त्यांच्याविरुद्ध हेच वापरलं गेलं की हा माणूस निवडून आला तर तुमचे गुलाम सोडवून नेईल. १७९० च्या जनगणनेत न्यूयॉर्क राज्यात २१ हजारांहून जास्त माणसं गुलाम म्हणून नोंदलेली आहेत, उत्तरेकडच्या राज्यात! आपल्या स्मरणिकेत गुलामी म्हणजे फक्त दक्षिणेतली कापसाची शेतं असं चित्र आहे, तेही या पानामुळे जरा दुरुस्त झालं असतं.

मतदान सुरू झालं एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी, २४ तारखेला. गव्हर्नरसाठी मत द्यायला १०० पौंडांची स्वतःच्या मालकीची जमीन लागायची, म्हणजे कुळं नाहीत, बायका नाहीत, गुलाम तर नाहीतच. राज्याची लोकसंख्या ३ लाख ४० हजार आणि शेवटी मोजलेली मतं पावणेसतरा हजार. हे सगळं त्या पानावर होतं, लपवलेलं काहीच नव्हतं.

आता पेटीची पद्धत बघा, कारण सगळी गडबड इथे आहे. गावागावातले इन्स्पेक्टर मतपत्रिका सीलबंद करून काउंटीच्या शेरीफकडे, म्हणजे कायदा-सुव्यवस्था बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायचे. शेरीफने त्या सगळ्या एका पेटीत घालून स्वतः किंवा आपल्या डेप्युटीमार्फत न्यूयॉर्क शहरात सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात पोचवायच्या. गावात मोजणी नाही, काउंटीत मोजणी नाही. सगळी मोजणी एकाच ठिकाणी, आणि ती करायची १२ जणांच्या समितीने, राज्याच्या विधिमंडळाच्या दोन सभागृहांतले, ६ सिनेटचे आणि ६ असेंब्लीचे. आणि कायद्यातच लिहिलेलं की या समितीच्या बहुमताचा निर्णय बंधनकारक आणि अंतिम. वर अपील नाही.

ऑट्सीगो ही तेव्हा नवी कोरी काउंटी, १७९१ लाच झालेली, जंगल तोडून वसवलेली. तिथले शेरीफ रिचर्ड स्मिथ. त्यांची १ वर्षाची नेमणूक फेब्रुवारी १७९२ मध्ये संपली. नवे शेरीफ म्हणून बेंजामिन गिल्बर्ट यांची नेमणूक झाली ३० मार्चला, पण त्यांनी शपथ घेतली ११ मे रोजी. मतदान एप्रिलअखेर. पेट्या न्यायच्या मेच्या सुरुवातीला. मग या मधल्या काळात शेरीफ कोण? स्मिथच काम बघत होते, लोक त्यांनाच शेरीफ मानत होते, त्यांनीच ३ मे रोजी पेटी डेप्युटीच्या हाती दिली. त्यात आणखी भर म्हणजे एप्रिलमध्ये ते गावाचे सुपरवायझरही निवडून आले होते, आणि ही दोन पदं एकाच माणसाकडे असू नयेत असा आक्षेप निघाला.

बस. एवढंच. मतदारांनी काही चुकीचं केलं असं पेटी बाद करताना कुणी म्हणालं नाही. सील तुटलं म्हणून नाही, मतं जास्त निघाली म्हणूनही नाही. पेटी देणारा माणूस त्या दिवशी कागदावर शेरीफ होता की नव्हता हा वाद. पेटी बाद झालेल्या बाकी दोन काउंट्यांचं तर आणखी किरकोळ होतं. टायोगाची पेटी आणणारा डेप्युटी वाटेत आजारी पडला म्हणून त्याने ती आपल्या कारकुनाकडे दिली, आणि क्लिंटन काउंटीची ज्याने पोचवली त्याच्याकडे डेप्युटी असल्याचा कागद नव्हता. तिन्ही पेट्या पोचल्या होत्या. वेळेत पोचल्या होत्या.

समितीत मतभेद झाले तेव्हा त्यांनी देशाच्या सिनेटमधल्या न्यूयॉर्कच्या दोन्ही सिनेटरांचा सल्ला मागितला. रूफस किंग म्हणाले ऑट्सीगोची मतं मोजा, कायदा लावताना मतदाराच्या बाजूने लावायचा असतो, आणि नवा माणूस येईपर्यंत जुना माणूस काम करतो ते वैधच धरावं. एरन बर म्हणाले मोजू नका, मुदत संपली म्हणजे संपली. मत देणाऱ्या ११ जणांत ७ विरुद्ध ४ अशा बहुमताने पेट्या बाद झाल्या. १२ जूनला निकाल लागला : जॉर्ज क्लिंटन ८४४०, जॉन जे ८३३२. फरक १०८ मतांचा. ऑट्सीगोत जॉन जे यांना सुमारे ४०० चं मताधिक्य होतं असं मानलं जातं, पण ते कायम "मानलं जातं" असंच राहणार, कारण बाद केलेल्या मतपत्रिका जाळून टाकल्या. पुन्हा मोजायला काही उरलंच नाही.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त त्रास एका नावाचा होतो, मेलँक्टन स्मिथ. त्या ७ जणांपैकी एक. हेच मेलँक्टन स्मिथ १७८८ साली पकीप्सीला, न्यूयॉर्कने देशाची नवी राज्यघटना मान्य करावी की नाही याची परिषद भरली होती तिथे, हॅमिल्टन यांच्यासमोर उभं राहून दिवसेंदिवस सांगत होते की ही काँग्रेस, म्हणजे देशाची संसद, फार लहान आहे, यात फक्त बडी श्रीमंत माणसं निवडून जातील, मधल्या थरातला कष्ट करणारा शेतकरी यात कुठे दिसणारच नाही. किती खरं बोलला तो माणूस. त्यांची ती भाषणं वाचताना मला तरी आजही वाटतं की हा आपला माणूस आहे. आणि ४ वर्षांनी त्याच माणसाने तशाच शेतकऱ्यांची, नवी जमीन फोडून उभ्या राहिलेल्या लोकांची, पेटी न उघडता बाजूला ठेवली, कारण आपल्या पक्षाचा गव्हर्नर पडत होता. मुलांना हे सांगायला नको? चांगला विचार करणारा, गरिबाच्या बाजूचा माणूससुद्धा पक्ष मधे आला की काय करू शकतो, हे सातवी-आठवीच्या मुलाला नक्की कळतं. त्यांच्या शाळेत रोज टीम पडतात.

आणि त्याच समितीत ४ जण होते ज्यांनी लेखी विरोध नोंदवला. सॅम्युएल जोन्स, आयझॅक रूझवेल्ट, लेनर्ड गॅन्सव्होर्ट, जोशुआ सँड्स. यातले सॅम्युएल जोन्स म्हणजे राज्याचे कायदे एकत्र करून नीट लावून देणारे कायदेपंडित, म्हणजे कायद्याची अक्षरं त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि ते सांगत होते की मतं मोजा. ही ४ नावं मला तरी शाळेच्या पुस्तकात दिसली नाहीत. आपल्या स्मरणिकेत होती. तुम्ही ती काढलीत.

आता तुमच्या कारणांकडे येते, कारण ती हवेत सोडून देता येत नाहीत.

किचकट आहे म्हणालात. मी वर जे लिहिलंय ते शाळेच्या मुलांना सांगून बघा. मी सांगितलंय, रविवारच्या वर्गात. "पेटी पोचली, सील नीट होतं, पण आणणारा माणूस चुकीचा होता, तर मतं मोजायची का?" एवढा एकच प्रश्न विचारला आणि वर्गात जो गोंधळ झाला तो बघायला तुम्ही हवे होतात. एक मुलगी म्हणाली नियम म्हणजे नियम. दुसरा म्हणाला मग शेरीफला शिक्षा करा ना, शेतकऱ्यांना का? पहिलीने त्याला सांगितलं की उद्या कुणीही पेटी घेऊन येईल, मग खोट्या पेट्या कशा पकडणार? दोघांचंही बरोबर होतं हे त्यांच्याच लक्षात आलं, आणि रूफस किंग आणि एरन बर यांचा वाद नेमका हाच होता, सव्वादोनशे वर्षांपूर्वी, दोन सिनेटरांमध्ये. मुलं कंटाळली नाहीत. पालक घ्यायला आले तरी भांडण चालू होतं.

निगेटिव्ह आहे म्हणालात, हे मला सगळ्यात जास्त लागलं. या गोष्टीचा पुढचा भाग तुम्ही वाचला असता तर हा शब्द वापरलाच नसतात. निकाल लागला तेव्हा जॉन जे न्यायाधीश म्हणून दौऱ्यावर होते, तेव्हा सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना घोड्यावरून, गाडीतून राज्याराज्यांत फिरून कोर्ट चालवावं लागायचं. परत येताना लॅन्सिंगबर्ग, ऑल्बनी अशा गावांतून लोक त्यांच्या स्वागताला बाहेर आले, चिडलेले होते, सभा घेत होते, काही जण तर निकाल उलटवण्याच्या गोष्टी करत होते. त्या माणसाने एक शब्द बोलला असता तर काय झालं असतं याचा विचार करा, इंग्लंडशी लढलेली पिढी होती ती, घराघरात बंदुका होत्या. त्यांनी लोकांना सांगितलं शांत राहा, मतभेद असू देत पण शेजाऱ्याशी वैर धरू नका. बायकोला, सारा यांना पत्र लिहिलं त्याचा आशय असा की अजून थोड्या वर्षांनी आपण सगळे मातीत जाणार, तेव्हा राज्यावर राज्य केलं यापेक्षा स्वतःवर राज्य केलं हे माझ्या जास्त कामाचं असेल. जॉन जे यांच्या बाजूच्या हॅमिल्टन यांनीसुद्धा, एरवी इतका तापट माणूस, आपल्या लोकांना कळवलं की घटनेबाहेरचा, कायद्याबाहेरचा मार्ग धरायचा नाही. आणि पलीकडच्या बाजूला बघा. थॉमस जेफरसन राजकारणात क्लिंटन यांच्या गोटाच्या जवळचे, तरी त्यांनी खासगी पत्रात लिहिलं की क्लिंटन यांनी हे पद नाकारायला हवं. क्लिंटन यांनी ते नाकारलं नाही, पण आपल्याच बाजूच्या माणसाला असं म्हणणारे होते.

नंतर असेंब्लीत चौकशी झाली, साक्षी झाल्या, आणि १७९३ च्या सुरुवातीला असेंब्लीने त्या ७ जणांना दोषमुक्त केलं. न्याय मिळाला का? नाही. पण लोक ३ वर्षं थांबले आणि १७९५ मध्ये जॉन जे यांना निवडून दिलं, तेही ते इथे नसताना. ते ब्रिटनशी तह करायला लंडनला गेले होते, परत येऊन बोटीतून उतरले तेव्हा गव्हर्नर म्हणून निवडून आलेले होते. आणि मग १७९९ मध्ये याच जॉन जे यांनी गव्हर्नर म्हणून हळूहळू गुलामी संपवणाऱ्या कायद्यावर सही केली. तो कायदा खूप सावकाश होता, ४ जुलै १७९९ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेली मुलंसुद्धा, मुली २५ व्या आणि मुलगे २८ व्या वर्षी, मोकळी होणार होती, आधी जन्मलेल्यांना त्याने काहीच मिळालं नाही, आणि जॉन जे यांच्या स्वतःच्या घरी गुलाम होते हेही लिहायलाच हवं, मी लिहिलं होतं. पण ही सगळी साखळी १७९२ शिवाय मुलांना कशी दिसणार?

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्या माणसांच्या कागदपत्रांत सगळ्यात मोठी वाटते. १८०० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कची विधानसभा विरोधकांच्या हातात गेली, आणि राष्ट्राध्यक्षपदासाठीची राज्याची मतं तेव्हा विधानसभाच ठरवायची, म्हणजे ती जेफरसनना जाणार हे नक्की झालं. तेव्हा हॅमिल्टन यांनी जॉन जे यांना पत्र लिहून सुचवलं की जुन्या विधानसभेची मुदत आहे तोवर ती बोलवा आणि नियम बदलून टाका. कायद्याने गव्हर्नरला ते करता आलं असतं. पक्ष स्वतःचा, सल्ला देणारा जुना मित्र, आणि ८ वर्षांपूर्वी समोरच्यांनी याच्याहून वाईट केलेलं, म्हणजे वचपा काढायची आयती संधी. जॉन जे यांनी ते केलं नाही. त्या पत्रावर त्यांनी नोंद करून ठेवली की हा उपाय पक्षाच्या फायद्यासाठी सुचवलेला आहे आणि तो करणं मला शोभणार नाही. ज्याची पेटी जाळली त्या माणसाने हे लिहिलंय! या गोष्टीला निगेटिव्ह म्हणताना तुमच्या मनात काय होतं ते मला खरंच समजून घ्यायचंय.

आजच्या राजकारणाशी जोडतील म्हणालात. जोडू देत. मी आज केंद्रावर बसते तेव्हा माझ्या शेजारी दुसऱ्या पक्षाची नोंद असलेला इन्स्पेक्टर बसलेला असतो, न्यूयॉर्कमध्ये तसा नियमच आहे, दोन्ही मोठ्या पक्षांचे सारखे लोक. रात्री सील लावताना एक जण नंबर मोठ्याने वाचतो, दुसरा लिहितो, मग लिहिणारा परत वाचून दाखवतो, आणि खाली दोघांच्या सह्या. आम्ही दोघं एरवी एकमेकांच्या घराबाहेरच्या प्रचाराच्या पाट्या बघून मान वळवू, पण त्या टेबलावर त्याची सही नसेल तर माझ्या सहीला किंमत नाही. आणि टपालाने येणाऱ्या मतांचं बघा, पाकिटावर सही राहिली, सही जुळत नाही, असं काही झालं तर २०२० पासून इथल्या कायद्याने मतदाराला कळवावं लागतं आणि दुरुस्तीची संधी द्यावी लागते, लगेच बाद करता येत नाही. १७९२ च्या ऑट्सीगोच्या शेतकऱ्याला कुणी कळवलं नव्हतं. आपली मुलं १८ ची होतील तेव्हा यातल्या प्रत्येक नियमाबद्दल कुणीतरी त्यांना सांगेल की हा फालतू आहे किंवा हा कट आहे. तेव्हा त्यांना हे माहीत असू दे की हे नियम कुणाच्या तरी गेलेल्या मतांवर उभे आहेत.

द्वंद्वयुद्धाच्या चित्राबद्दल. चित्र सुंदर आहे, काढणाऱ्या मुलाचं मला कौतुकच आहे, ते राहू दे. पण त्याच्याखाली तुम्ही लिहिलंय की दोघांमध्ये वैयक्तिक वैर होतं आणि ११ जुलै १८०४ ला बर यांनी हॅमिल्टनना गोळी घातली. वैर आलं कुठून? १७९१ ला बर यांनी हॅमिल्टन यांच्या सासऱ्यांची, फिलिप श्यूलर यांची सिनेटची जागा घेतली. १७९२ ला बर यांचं मत क्लिंटन यांच्या कामी आलं, आणि त्याच वर्षी पुढे क्लिंटन यांनी त्यांना राज्याच्या वरिष्ठ कोर्टात न्यायाधीशपद देऊ केलं, बर यांनी ते घेतलं नाही हेही खरं. आणि १८०४ च्या वसंतात बर स्वतः न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाला उभे राहून मॉर्गन लुईस यांच्याकडून हरले, हॅमिल्टन त्यांच्या विरोधात बोलत होते, त्यातल्याच बोलण्यावरून गोळीपर्यंत गेलं. म्हणजे ज्या चित्रासाठी तुम्ही गव्हर्नर निवडणुकीचं पान काढलंत त्या चित्राच्या मागेही गव्हर्नरची निवडणूकच आहे. संदर्भ काढून नुसती पिस्तुलं ठेवली तर मुलांना काय कळणार?

एक आक्षेप मात्र समितीतल्या एका काकांनी मला फोनवर सांगितला आणि तो मला पटण्यासारखा वाटला, की ऑट्सीगोची मतं तरी कुठे धुतल्या तांदळाची होती. खरंय. तिथले जमीनमालक, कूपर्सटाउन वसवणारे आणि काउंटीचे न्यायाधीश विल्यम कूपर, जॉन जे यांच्या बाजूने नुसते प्रचार करत नव्हते तर लोकांवर दबाव आणतात असे आरोप झाले, असेंब्लीत तक्रारी गेल्या. ज्याच्याकडून जमीन उधारीवर घेतलीय तो सांगतोय इथे मत दे, तर शेतकरी काय करणार, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण समितीने पेटी त्या कारणासाठी बाद केली नाही. त्यांनी दबावाची चौकशी केली असती आणि मग काही ठरवलं असतं तर मी आज वेगळं लिहिलं असतं. काकांना मी म्हटलं की हे वाक्य पानात घालूया, अजून चांगलं होईल. ते हो म्हणाले. तोवर पान गेलं होतं.

आणि निर्णय कसा झाला याबद्दलही माझी तक्रार आहे. पान काढायचं ठरलं त्या मीटिंगला लिहिणाऱ्याला बोलावलं नाही. मराठी शाळेच्या शिक्षकांना विचारलं नाही. कारणं नंतर सांगितली, तीही एकेक करून बदलत गेली, आधी जागा नाही म्हणालात, मग किचकट म्हणालात, मग राजकारण. जागा नव्हती तर द्वंद्वाच्या चित्राला पूर्ण पान कसं मिळालं? मला तुमच्या हेतूवर शंका घ्यायची नाहीये, सगळे नोकऱ्या-संसार सांभाळून रात्री ११ ला बसून हे काम करता, मला ठाऊक आहे, मीही त्यातलीच आहे. पण सभासदांच्या वर्गणीतून निघणाऱ्या अंकात असे निर्णय असे बंद खोलीत व्हायला नकोत.

तर माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

१७९२ चं पान परत घ्या, विल्यम कूपर यांच्यावरच्या आरोपांची भर घालून. पूर्ण पान जमत नसेल तर अर्धं द्या, पण दोन आकडे, ८४४० आणि ८३३२, आणि विरोध नोंदवणाऱ्या चौघांची नावं त्यात असलीच पाहिजेत.

द्वंद्वाच्या चित्राखालचा मजकूर दुरुस्त करा. ४ ओळी पुरतील, मी लिहून दिल्यात, हव्या त्या बदला.

प्रदर्शनात मुलांना तो पेटीचा प्रश्न लावू द्या. एक टेबल, एक खोका, आणि येणाऱ्या प्रत्येकाने "मोजा" किंवा "मोजू नका" अशी चिठ्ठी टाकायची. शाळेतली मोठी मुलं हे करायला तयार आहेत, त्यांनीच सुचवलंय. शेवटी त्या सगळ्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजायच्या.

आणि यापुढे स्मरणिकेतून कुठलंही पान काढायचं असेल तर लिहिणाऱ्याला आधी लेखी कारण द्या आणि शाळेच्या एका शिक्षकाला त्या मीटिंगला बसू द्या.

फाइल प्रिंटरकडे जाण्याआधी कार्यकारिणीची एक मीटिंग बोलवा, ऑनलाइन चालेल. दुरुस्त केलेलं पान मी पुन्हा पाठवलंय, शुद्धलेखन तपासून घेतलंय, मांडणी करणाऱ्या ताईंशी बोललेय, त्या म्हणाल्या पाने ४ च्या पटीत लागतात आणि सध्या शेवटी एक पान रिकामंच जातंय. उत्तर मला खासगीत नको, मंडळाच्या ग्रुपवरच द्या, म्हणजे शाळेच्या पालकांनाही वाचता येईल.

आपली,
मंडळाची आजीव सभासद आणि मराठी शाळेची रविवारची शिक्षिका
ऑट्सीगो काउंटी, न्यूयॉर्क